रात्री अकरा वाजता विचारायचं कुणाला?

2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा भागातली लहान मुलं मूत्रपिंड निकामी होऊन नागपूरच्या दवाखान्यांत दाखल झाली आणि त्यांतली कित्येक दगावली. खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. औषध कंपन्यांचे परवाने, तपासणीतली ढिलाई, डॉक्टरांची जबाबदारी यांवर तेव्हा पुष्कळ बोललं गेलं, आणि ते बोलायलाच हवं होतं. त्यातली एक गोष्ट मात्र चर्चेच्या कडेलाच राहिली. या मुलांच्या आईबापांना सुरुवातीला काय दिसलं असेल? ताप, खोकला, उलट्या, आणि मग लघवी बंद. हे शेवटचं लक्षण घरातल्या कुणालाही कळू शकतं, फक्त ते विचारणारं कुणीतरी हवं. ‘शेवटची लघवी कधी झाली?’ हा प्रश्न रात्री फोनवर विचारायला ना स्टेथोस्कोप लागतो, ना एमबीबीएसची पदवी.

देशभरासाठी फोनवरची आणि ऑनलाइन आरोग्य सल्ला सेवा असावी का, या वादात नेमका हाच प्रश्न हरवतो. एका बाजूला उत्साही मंडळी. त्यांच्या मते ॲप आलं की गाव आणि एम्स यांच्यातलं अंतरच मिटलं. दुसऱ्या बाजूला खवळलेले डॉक्टर आणि आरोग्य चळवळीतले कार्यकर्ते. त्यांच्या मते रुग्णाला हात न लावता केलेला उपचार म्हणजे फसवणूक. फोन म्हणजे दवाखाना, हे दोघांनीही गृहीत धरलं आहे. भांडण फक्त तो चांगला दवाखाना की वाईट, यावर आहे. माझं म्हणणं असं की अशी सेवा हवीच, पण तिने दवाखाना होऊ नये. प्रशिक्षित नर्सने फोन उचलावा आणि चारपैकी एक निर्णय द्यावा: घरी थांबा, उद्या सकाळी केंद्रात दाखवा, आज रात्रीच निघा, किंवा 108 पाठवते, फोन ठेवू नका. निघायचं असेल तर कुठे, हेही तिनेच सांगावं. कॅज्युअल्टीत याला ट्रायाज म्हणतात. निदान आणि औषधाची चिठ्ठी हे पुढच्या माणसाचं काम.

हात न लावता काय कळणार, हा आक्षेप सर्वांत जड आहे आणि तो बऱ्याच अंशी खरा आहे. पोट ताठर आहे की मऊ, यकृत लागतं की नाही, छातीत घरघर कुठे आहे, हे फोनवर कळत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर फोनवर चर्चाच करू नये, थेट पाठवावं. पण ‘काय झालंय’ आणि ‘किती घाई आहे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्याचं उत्तर पुष्कळदा फोनवर निघतं. न्यूमोनियाची शंका घ्या. बाळाच्या अंगावरचा कपडा वर करायला सांगायचं, फोन स्पीकरवर ठेवायचा, आणि पोट वर आलं की प्रत्येक वेळी आईने ‘हं’ म्हणायचं. नर्सने पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण लहान बाळाचा श्वास थांबत-थांबत चालतो आणि गुणाकारात चूक चौपट होते. मूल रडत किंवा दूध पीत असेल तर शांत होईपर्यंत थांबायचं. दोन महिन्यांखाली 60, वर्षाच्या आत 50, पाच वर्षांच्या आत 40 किंवा त्याहून जास्त आकडा आला, तर श्वास जलद. त्यात छाती आत ओढली जात असेल, मूल काहीच पीत नसेल, प्यायलेलं सगळं उलटून पडत असेल, झटका आला असेल किंवा मूल जागं करूनही जागं होत नसेल, तर पुढचे प्रश्न विचारत बसायचं नाही. हे निकष नवे नाहीत. आपल्याच बालआजार व्यवस्थापन कार्यक्रमातून अंगणवाडी आणि उपकेंद्राच्या कार्यकर्त्यांना ते वर्षानुवर्षं शिकवले जात आहेत. मग रात्री अकरा वाजता भिवापूर तालुक्यातल्या आईला ते का मिळू नयेत?

मग डॉक्टर नको, नर्स कशी चालेल? डॉक्टरांच्या संघटना हा प्रश्न विचारतात तेव्हा त्यामागे धंद्याची काळजी असते, तशी खरी काळजीही असते. इतिहास मात्र त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी (कॉलरा) पसरली आणि सलाईन संपत आली. डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेचं मिश्रण ड्रममध्ये कालवून नातेवाइकांच्याच हाती वाटी दिली. आधी तीस टक्क्यांच्या घरात असलेला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला. तरी अनेक तज्ज्ञांना ते पटायला वर्षं लागली. आपल्या विदर्भातलं उदाहरण तर आणखी जवळचं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. अर्धशिक्षित बाईच्या हातात सुई, म्हणून केवढा गहजब झाला! 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. त्या 39 गावांत नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला होता. पुढे 2011 मध्ये घरी जाऊन नवजात बाळाची देखभाल हा आशाताईंचा देशव्यापी कार्यक्रम झाला, अर्थात इंजेक्शन वगळून. नियम नेमका असेल, शिक्षण कसून दिलेलं असेल आणि मागे देखरेख असेल, तर पदवी नसलेला माणूसही जीव वाचवणारा निर्णय घेऊ शकतो. फोनवरची नर्स तर पदवीधर असेल.

यातली देखरेखीची अट महत्त्वाची आहे. ती सोडली की काय होतं, ते इंग्लंडमध्ये दिसलं. तिथे 1998 मध्ये ‘एनएचएस डायरेक्ट’ ही नर्सच्या भरवशावर चालणारी फोन सेवा सुरू झाली. पुढे खर्च कमी करण्यासाठी तिच्या जागी ‘111’ आणली. त्यात पहिला फोन वैद्यकीय शिक्षण नसलेला कर्मचारी उचलतो आणि संगणकावरचे प्रश्न वाचतो. 2013 च्या वसंतात ती देशभर एकदम लागू केली, तेव्हा कित्येक भागांत फोन उचललेच गेले नाहीत. जुन्या संस्थेने स्वतः घेतलेली कंत्राटंही परवडत नाहीत म्हणून सोडली, आणि 2014 मध्ये ती बंद पडली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कॉर्नवॉलमध्ये एक वर्षाचं मूल सेप्सिसने, म्हणजे अंगभर भिनलेल्या जंतुसंसर्गाने गेलं. 2016 च्या अहवालात अनेक डॉक्टरांच्या चुकांबरोबर 111 चीही चूक नोंदवली गेली: प्रश्नावलीला ते आजारपण पकडता आलं नाही, आणि अनुभवी कानाला कदाचित ते कळलं असतं. शिवाय या सेवेमुळे आपत्कालीन विभागांची गर्दी घटेल ही आशाही तिथल्या अभ्यासांत फळाला आली नाही.

विरोधक हे सगळं पुढे करतात आणि त्यांचा मुद्दा मी मान्य करतो. फोन सेवेने नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीची रांग आखूड होईल, असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. पण इंग्लंडची चिंता आणि आपली चिंता एक आहे का? तिथे गरज नसताना लोक येतात, म्हणून जास्त लोकांना पाठवणं हा तोटा. आपल्याकडे गरज असताना लोक उशिरा येतात. देवलापारचा माणूस रात्रभर वाट पाहतो, सकाळी आधी गावातल्या झोलाछापाकडे सलाईन लावून घेतो, दुपारी रामटेकला जातो आणि संध्याकाळी नागपूरच्या कॅज्युअल्टीत पोचतो. त्याच्या बाबतीत जरा जास्त सावध होऊन पाठवणं हा दोष धरायचाच असेल, तर स्वस्तातला दोष आहे.

खरी मेख प्रश्नावलीत आहे. ती परदेशातून आणून तिचं नुसतं मराठी-हिंदी केलं तर ती इथे नापास होणार. दोन-तीन उदाहरणं जवळून पाहू.

पावसाळ्यात पहाटे चार वाजता फोन येतो: पोटात जबरदस्त कळ, एक उलटी, घसा धरल्यासारखा. कुठल्याही आयात प्रश्नावलीत हे पोटाच्या फांदीवर जाईल आणि ‘पाणी प्या, सकाळी दाखवा’वर संपेल. विदर्भातल्या नर्सने मात्र दुसराच प्रश्न आधी विचारायला हवा: रात्री जमिनीवर झोपले होते का? मण्यार झोपेत चावतो, बहुधा दुखत नाही, सुजत नाही, दाताची खूण पुष्कळदा दिसतही नाही. मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, श्वास थकतो. ‘डोळे पूर्ण उघडता येतात का, थुंकी गिळता येते का’ या दोन प्रश्नांवर जीव अडलेला असतो. पुढची सूचनाही नेमकी हवी: दोरी आवळू नका, चिरू नका, चावलेला हात-पाय फळीला बांधून हलू देऊ नका, चालवत नेऊ नका. आणि कुठे न्यायचं? सर्वांत जवळच्या दवाखान्यात नव्हे, तर जिथे आत्ता सर्पदंशाची लस शिल्लक आहे आणि श्वास बंद पडला तर नळी घालणारा माणूस ड्युटीवर आहे, तिथे. ही माहिती नर्ससमोरच्या पडद्यावर नसेल तर सगळा सल्ला हवेत. म्हणजे प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाने रोज संध्याकाळी लसीच्या कुप्या, ऑक्सिजन आणि ड्युटीवरचा डॉक्टर यांची नोंद भरायला हवी. या सेवेतलं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत मोलाचं काम हेच. उद्घाटनाच्या भाषणात ते कधीच येत नाही.

दुसरं उदाहरण ‘गॅस’चं. छातीत दुखणं आपल्याकडे छातीत दुखणं म्हणून सांगितलंच जात नाही. गॅस झाला, ॲसिडिटी झाली, जी घाबरून राहिला, असं सांगतात. चाळिशीपुढचा माणूस, अंगाला घाम आणि ‘गॅस’ हे तीन शब्द एकत्र आले की प्रश्नावलीने तो हृदयविकार धरूनच चालावं आणि ईसीजी जिथे निघेल तिथे पाठवावं. तसंच फवारणीचं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. डब्यावरचं इंग्रजी नाव शेतमजुराला वाचता येईलच असं नाही. पण डब्यावरच्या चौकटीतल्या खालच्या त्रिकोणाचा रंग त्याला सांगता येतो. लाल म्हणजे अति विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. रंग विचारा, कपडे काढायला लावा, साबणाने अंग धुवायला सांगा, उलटी करवू नका, आणि डबा सोबत न्यायला सांगा. मे महिन्यातला उष्माघातही यातच येतो. माणूस बरळायला लागला आणि अंग तव्यासारखं तापलं, तर आधी गार करायचं आणि मग गाडीत घालायचं. नागपूरची हवा कोरडी असल्याने कपडे ओले करून कुलरपुढे ठेवणं इथे झटपट काम करतं. दमट मुंबईत ते तितकं चालत नाही. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पन्हं ओतायचं नाही, हे मात्र दर वेळी बजावून सांगावं लागणार.

सर्वांत जास्त फोन अर्थातच मुलांच्या तापाचे येणार, आणि तिथे घोळ होतो तो बाटलीत. पॅरासिटामॉल किलोला 15 मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे दहा किलोच्या मुलाला एका वेळी 150 मिलिग्रॅम. पण ड्रॉप्सच्या एका मिलीत 100 मिलिग्रॅम असतात, एका सिरपच्या पाच मिलीत 120 आणि दुसऱ्या सिरपच्या पाच मिलीत 250. त्यामुळे तोच डोस ड्रॉप्सचा दीड मिली, पहिल्या सिरपचा सव्वासहा मिली आणि दुसऱ्याचा तीन मिली. शेजारणीने ‘सहा मिली दे’ सांगितलं आणि घरात ड्रॉप्सची बाटली असली, तर मुलाला चौपट औषध गेलं. म्हणून नर्सने आकडा सांगण्याआधी लेबल मोठ्याने वाचून घ्यावं. वाचता येत नसेल तर बाटलीचा फोटो मागवावा. ऑनलाइन सेवेचा खरा उपयोग इथे आहे. ओआरएसचंही तेच: मोठं पाकीट लिटरभर पाण्याचं, छोटं 200 मिलीचं. मोठं पाकीट ग्लासभर पाण्यात कालवलं तर मिठाचं प्रमाण धोक्याचं होतं, आणि चिमूट-चिमूट टाकत गेलं तर जुलाबाला काही उपयोग नाही.

बाटली वाचून घेण्याचा आणखी एक फायदा छिंदवाड्याकडे नेतो. एकाच तालुक्यातून आठवड्याभरात पाच फोन: मूल चारेक वर्षांचं, खोकल्याचं औषध चालू, लघवी बंद. वेगवेगळ्या दवाखान्यांत ही पाच वेगळी प्रकरणं असतात. एका नोंदवहीत तो इशारा होतो. इंग्लंडमध्ये फोन सेवेच्या नोंदी फ्लूच्या साथीचा माग काढायला वापरल्या गेल्या, त्या याच तर्काने. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनने 14 रुग्ण गेले, तेव्हाही विष हेच होतं. फोन सेवा असती तर मुलं वाचली असती, असा दावा करणं उथळपणाचं होईल. धागा लवकर जुळण्याची शक्यता वाढली असती, इतकंच.

‘ई-संजीवनी’ ही सरकारची ऑनलाइन डॉक्टर-सल्ला सेवा आहेच की, मग नवं कशाला? ती आहे आणि तिचं काम मोठं आहे: 2019 मध्ये सुरू होऊन फेब्रुवारी 2023 पर्यंत तिने दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. पण त्यातले बहुतेक सल्ले आरोग्य केंद्रात बसून, समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या मदतीने, कामाच्या वेळेत झालेले आहेत. ती दूरची ओपीडी आहे, रात्रीची सोबत नव्हे. रचना म्हणून ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन जास्त जवळची आहे: 14416 वर आधी समुपदेशक, गरज पडली तर वर तज्ज्ञ, आणि सेवा अनेक भाषांत. शरीराच्या दुखण्यासाठी तीच घडण का नको? मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी डॉक्टरांना चौकट दिली. पॅरासिटामॉल, ओआरएससारखी औषधं कुठल्याही माध्यमातून सुचवता येतात, काहींना व्हिडिओ लागतो, गुंगीची औषधं पूर्ण बंद. कृत्रिम बुद्धिमत्तेने रुग्णाला थेट सल्ला देऊ नये, असंही त्यांत स्पष्ट आहे. ही चौकट डॉक्टरांपुरती आहे. प्रश्नावलीप्रमाणे सल्ला देणाऱ्या नर्सला कायद्याचं वेगळं संरक्षण हवं. ते नसेल तर ती घाबरून सगळ्यांनाच ‘डॉक्टरांना दाखवा’ म्हणणार, आणि मग सेवेला काही अर्थ उरणार नाही. 2018 मध्ये रत्नागिरीच्या डॉक्टर दांपत्याला फोनवरच्या सल्ल्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला, तेव्हा राज्यभरातले डॉक्टर फोन उचलायलाच कचरू लागले होते.

ऑनलाइनच्या भक्तांना एकच विचारायचं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत, स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या महिला देशात 54 टक्के होत्या. ॲप, ओटीपी, लॉगिन, मग चॅट. आणि फोन नवऱ्याच्या खिशात. साधा कॉल आधी, मिस्ड कॉलवर परत फोन करण्याची सोय त्यानंतर, ॲप शेवटी, हा क्रम उलटता कामा नये.

पैशाचा आक्षेप राहतो. प्राथमिक केंद्रांतल्या जागा रिकाम्या असताना हेल्पलाइनवर खर्च म्हणजे ‘घरात नाही दाणा आणि मला श्रीमंत म्हणा’, असं कार्यकर्ते म्हणतात. भीती रास्त आहे. सरकारला रिकाम्या खुर्चीपेक्षा टोल-फ्री नंबर नेहमीच स्वस्त वाटतो. पण सेवेत परतीचा फोन सक्तीचा केला तर तीच हेल्पलाइन रिकाम्या खुर्चीचा पुरावा होते. ‘तुम्हाला अमुक केंद्रात पाठवलं होतं. डॉक्टर भेटले का? औषध मिळालं का?’ दुसऱ्या दिवशी सकाळी हे दोन प्रश्न विचारायचे आणि उत्तरं दर महिन्याला केंद्रवार प्रसिद्ध करायची. कुलूप लागलेल्या केंद्राची तक्रार आज गावकरी करतो आणि ती तालुक्यालाच विरते. तीच तक्रार आकड्यात आली की जिल्हा परिषदेच्या सभेत मांडता येते.

सेवा राष्ट्रीयच का, राज्यांची 104 ही आरोग्य हेल्पलाइन का पुरे नाही? नागपूरच्या नकाशावर बघा. मेडिकलच्या वॉर्डात सिवनी, बालाघाट, छिंदवाड्याचे रुग्ण असतात, छत्तीसगडचे आणि तेलंगणाचेही. महाराष्ट्र-मध्य प्रदेश सीमेवरच्या खवासाच्या नाक्याजवळ फोन कुठल्या राज्याच्या टॉवरवर लागेल याचा नेम नसतो, आणि राज्याच्या हेल्पलाइनपुढे फक्त आपल्याच राज्याच्या रुग्णालयांची यादी. नंबर, नोंदवही आणि प्रश्नावलीचा सांगाडा देशाचा असावा. कान मात्र इथलेच असावेत: नागपुरी हिंदी, वऱ्हाडी, गोंडी समजणारे, ‘ढाळ लागली’ म्हणजे काय आणि ‘ताप डोक्यात गेला’ म्हणजे काय हे न विचारता कळणारे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलाला ताप आला तर वाट पाहायची नाही, हा नियम लखनौच्या प्रश्नावलीत तळाशी असला तरी चालेल. नागपूरच्या प्रश्नावलीत तो पहिल्या पानावर लागेल.

या सेवेचं यश किती फोन आले यावर मोजलं, तर फोन लवकर आटपण्याचीच स्पर्धा लागेल. एका मिनिटाचा श्वास मोजायला एक मिनिटच लागतं, आणि मण्यारचा प्रश्न विचारायला घाईत नसलेली नर्स लागते. म्हणून निविदेत दर कॉलमागे पैसे देण्याची अट असेल, तर ती आधी काढावी. पगार पाळीप्रमाणे द्यावा, दर आठवड्याला काही कॉल डॉक्टरने ऐकून तपासावेत, आणि ‘घरी थांबा’ सांगितलेल्यांपैकी किती जण पुढच्या 48 तासांत भरती झाले, हा आकडा लोकांपुढे ठेवावा.